कीप

'हाउ आर यू कीपिंग?'
पहिल्या दिवशी ओना कॅफर्कीनं विचारलं,
गल्ल्यामागून, चष्म्यावरून.
माझ्या हातात बॅग. मला वाटलं,
ती कुठे ठेवू विचारते आहे. म्हटलं, वरच्या खोलीत.
ती हसली नाही. 'छान,' म्हणाली.

या एका शब्दाला माझ्याकडे
घरभर शब्द: ठेवणं, राखणं, पाळणं,
सांभाळणं, टिकणं. प्रत्येकाचं ताट वेगळं.
हिच्याकडे एकच वाडगं.
दुकान कीप करते. उधारीची वही कीप करते.
रविवार कीप करते, निदान दुपारपर्यंत.
सुटे द्यायला लागली की टपालवाला म्हणतो, कीप.
पलीकडची मिस टिम्लिन
स्वतःला स्वतःपाशीच कीप करते,
आपण कनवटीला किल्ली ठेवतो तशी.

नवऱ्याचं नाव मॅलकी.
मी सांगितलं, माझ्या भाषेत मालकी म्हणजे हक्क,
सातबाऱ्यावरचं नाव.
ओनाला फार मजा वाटली.
'याच्या नावावर काय? सहा पेट्या मधमाश्या.
त्याही याच्या नव्हेत. हा नुसता कीप करतो.'
वहीत लिहिलं: पाळतो.
मग खोडलं.
रोज सकाळी कुंपणावरून उडून जातं
त्याला पाळलेलं कसं म्हणायचं?

रात्री चुलीतला निखारा ती झाकायची,
कीपिंग द फायर इन.
इथे मात्र माझी भाषा एक पाऊल पुढे:
राखेनंच राखायचं.
तिला समजावून सांगायला गेले, जमलं नाही.

जानेवारीत मॅलकी अंगणात घसरला. खुबा.
'दे आर कीपिंग हिम इन,'
ती फोनवर बहिणीला सांगत होती,
निखाऱ्याचाच शब्द.
त्या 'दे'मध्ये मीही होते.
रात्रपाळी माझी,
खाटेचा कठडा मीच वर करायची.

दुकान लावून संध्याकाळच्या बसनं ती यायची.
तो विचारायचा, 'व्हॉट केप्ट यू?'
कुणी अडवलं? कशात अडकलीस?
वेळेवर आली तरी.
ती रोज बसवर ढकलायची.
ड्रायव्हर बिचारा भला माणूस.

मे महिन्यात पेट्या रिकाम्या झाल्या.
एक राणी, मूठभर मेलेल्या, बाकी कुठे गेल्या कुणास ठाऊक.

इकडे जुनी माणसं म्हणतात,
घरात काही वाईट घडलं की
मधमाश्यांना जाऊन सांगावं.
ओनानं जानेवारीतच सांगितलं होतं,
बर्फात उभं राहून,
एकेका पेटीवर किल्लीनं टकटक करून.
आता त्या गेल्या हे त्याला सांगायचं होतं.
याची काही रीत नाही.

त्या दिवशी ती खरंच उशिरा आली.
'व्हॉट केप्ट यू?'
कोटाच्या बाहीला मेण चिकटलेलं.
'बस,' म्हणाली,
आणि गेल्या सालच्या बाटलीतला मध
चमच्यानं त्याच्या ओठाला लावला.

दारापर्यंत सोडायला गेले. सांगितलंत?
तिनं हातमोजे चढवले.
'इट विल कीप.'

टिकेल. राहील. उद्यावर ठेवता येईल.
कॉरिडॉरभर एकेक शब्द लावून पाहिला.
मधाला सगळे बसत होते,
बातमीला एकही नाही.

अकराला कठडा वर करायला गेले.
तो जागा. खिडकीकडे तोंड.
'ती काहीतरी कीप करते आहे माझ्यापासून,'
म्हणाला. मी उशी नीट केली, चार्टवर ताप लिहिला.
बऱ्याच वेळानं, मला नाही,
खिडकीलाच म्हणाल्यासारखं:
'लेट हर.'

राखू दे.

दिवा बारीक केला.